गोळीबार मैदानावरून सियाचेनला पगार

समुद्रसपाटीपासून अठरा-एकोणीस हजार फुटांवर, सियाचेनच्या एखाद्या चौकीत एक तरुण कॅप्टन बसला आहे. भोवती बर्फ. बँक नाही, एटीएम नाही आणि खिशात पैसे असले तरी ते खर्चायला दुकान नाही. तरीही महिना सरला की त्याच्या खात्यात पगार पडतो. त्या चौकीवर तो नेमका किती दिवस होता, याचा हिशेबही त्यात आलेला असतो. हा हिशेब कोण करतं? दिल्लीतलं सेना मुख्यालय? लेहमधली एखादी छावणी?

हा हिशेब होतो पुण्यात, गोळीबार मैदानाजवळच्या एका कचेरीत.

तिचं नाव लांबलचक आहे : प्रिन्सिपल कंट्रोलर ऑफ डिफेन्स अकाउंट्स (ऑफिसर्स). फौजी माणूस नुसतं ‘सीडीए पुणे’ म्हणतो. लेफ्टनंटपासून जनरलपर्यंत, लष्करातल्या सगळ्या अधिकाऱ्यांचे पगार इथे मोजले जातात. अधिकारी लडाखमध्ये असो, मिझोराममध्ये असो की एखाद्या दूतावासात, त्याचं खातं पुण्यातच. नौदलाचे पगार मुंबईतलं नेव्हल पे ऑफिस करतं आणि हवाई दलाचे दिल्लीतलं एक मध्यवर्ती कार्यालय. म्हणजे देशाच्या तीन सेनादलांपैकी दोहोंच्या पगाराचे धागे महाराष्ट्रात येऊन मिळतात. पुण्या-मुंबईत जन्म काढलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

जवानांची तऱ्हा थोडी वेगळी. त्यांच्या खातेवह्या रेजिमेंटच्या मुख्य केंद्राला जोडलेल्या पे अकाउंट्स ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाची बटालियन आज राजस्थानात आणि उद्या अरुणाचलात असेल, पण त्याचं खातं बेळगावातून हलत नाही. बॉम्बे सॅपर्सच्या जवानाचं खडकीतून हलत नाही. माणूस देशभर फिरतो, वही एका जागी राहते.

ही वही म्हणजे आपल्या नोकरदार माणसाची पगाराची पावती नव्हे. अधिकाऱ्याच्या खात्याला आयआरएलए म्हणतात, म्हणजे त्याच्या एकट्याच्या नावाचं सतत चालू राहणारं खातं. किराणा दुकानदाराकडे आपल्या नावाची वही असते ना? नेलं ते लिहिलं, दिलं ते वजा केलं, बाकी पुढच्या पानावर. तसंच हे. कमिशन मिळतं त्या दिवशी वही उघडते आणि निवृत्तीला मिटते. मध्ये बदल्या, बढत्या, कोर्सेस, आगाऊ घेतलेले पैसे, भविष्य निर्वाह निधी, घराचं भाडं, सगळं त्याच वहीत जमा आणि वजा होत राहतं. चुकून जास्त पैसे गेले असतील तर चार वर्षांनीही ‘रिकव्हरी’ निघते. हा शब्द ऐकून भल्याभल्या कर्नलांचा चेहरा पडतो.

आणि ही वही लिहिणारे सैनिक नसतातच! डिफेन्स अकाउंट्स डिपार्टमेंट हे पूर्णपणे मुलकी खातं आहे. ज्याच्या एका हुकमावर तीन बटालियनी कूच करतात, त्या ब्रिगेडियरसाहेबांचं प्रवासाचं बिल पुण्यातल्या एखाद्या ऑडिटरबाई कागद अपुरे म्हणून सरळ परत पाठवू शकतात. ब्रिगेडियरसाहेब चिडू शकतात, पण त्यांना हुकूम देऊ शकत नाहीत. हे मुद्दाम केलं आहे बरं का. त्यामागचं कारण पुढे येईलच.

पण पुण्यातल्या किंवा बेळगावातल्या कारकुनाला कसं कळतं, की अमुक जवान अमुक तारखेला बर्फाच्या चौकीवर चढला आणि अमुक तारखेला उतरला? इथे एक कागद कामाला येतो आणि मला तर तो सगळ्या यंत्रणेतला सर्वांत विलक्षण वाटतो : पार्ट टू ऑर्डर. युनिटच्या रोजच्या कामाचे हुकूम पहिल्या भागात असतात आणि माणसांच्या आयुष्यातल्या घडामोडी दुसऱ्या भागात. रजेवर गेला, परत आला, दवाखान्यात दाखल झाला, कोर्स पास झाला, लग्न झालं, मूल झालं : प्रत्येक गोष्ट रीतसर ‘प्रसिद्ध’ होते आणि तिची प्रत पगाराच्या कचेरीला जाते. साताऱ्याच्या एखाद्या खेड्यात जवानाला मुलगी होते. तिचं नाव ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत लागतं, आणि काही आठवड्यांनी हजारो किलोमीटरांवरच्या एका युनिटच्या हुकमांतही लागतं. पुढे तिच्या शिक्षणाचा भत्ता त्या एका ओळीवरून निघतो. आणि दुर्दैवाने वेळ आलीच तर कुटुंबाचं पेन्शनही त्याच नोंदींवरून ठरतं. लग्नाची पार्ट टू ऑर्डर राहून गेल्यामुळे वर्षानुवर्षं खेटे घालणाऱ्या वीरपत्नींच्या कहाण्या माजी सैनिकांच्या मेळाव्यांत आजही ऐकू येतात. एका कागदाला इतकं वजन आहे.

आता खुद्द पगाराकडे वळू. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे, १ जानेवारी २०१६पासून, कायम नोकरीतल्या शिपायाचं सुरुवातीचं मूळ वेतन २१,७०० रुपये आहे, नव्या लेफ्टनंटचं ५६,१०० आणि सेनाप्रमुखांचं २,५०,०००. इथपर्यंत कुठल्याही सरकारी खात्यासारखंच. पण यात एक जादा रक्कम मिळवतात, मिलिटरी सर्व्हिस पे. ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यांना १५,५०० रुपये आणि जवानांना व ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरांना (जेसीओ) ५,२००. हे कोणत्याही कामाचे पैसे नाहीत. सैनिक असण्याचेच ते पैसे आहेत : चोवीस तास बांधलेलं असणं, संघटना काढता न येणं, संप करता न येणं, घरापासून दूर राहणं आणि हुकूम झाला तर जीव धोक्यात घालणं. ही कल्पना आपल्याकडे सहाव्या वेतन आयोगाने आणली. त्याचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण, मुंबई उच्च न्यायालयात वकिली आणि न्यायदान करून पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले.

पण सगळ्याच सैनिकांचा धोका सारखा नसतो. जोधपूरच्या भांडारातला हवालदार आणि पाणबुडीतला नौसैनिक यांच्यात फरक आहे. मग धोक्याची किंमत कशी लावायची? पूर्वी याचं उत्तर होतं : भत्त्यांची भलीमोठी जंत्री, प्रत्येकाचा दर वेगळा आणि त्यामागचा तर्क कुणालाच धड सांगता न येणारा. सातव्या वेतन आयोगाने बसून एक तक्ता आखला. उभ्या बाजूला जोखीम, आडव्या बाजूला हालअपेष्टा. दोन्हींच्या तीन-तीन पायऱ्या. झाल्या नऊ चौकटी. मग सरकारी नोकरीतली अवघड कामं एकेक करून या चौकटींत बसवली. लढाऊ वैमानिक इथे, पाणबुडीवाले इथे, नौदलाचे मार्कोस कमांडो इथे, घुसखोरीविरोधी मोहिमेवरची तुकडी तिथे. आणि उंच पहाडांवरच्या तैनातीसाठी तर चक्क फूट मोजून श्रेण्या लावल्या.

विचार करा, काय हिंमत आहे ही! भीती, थंडी, एकटेपणा, विरळ हवा, गोळी लागण्याची शक्यता, हे सगळं पदार्थविज्ञानाच्या आलेखासारखं दोन अक्षांवर मांडायचं आणि प्रत्येक चौकटीत रुपये लिहायचे. यात काहीतरी थोडं भयंकर आहे आणि तितकंच प्रामाणिकही. किमान तुलना तरी उघडपणे होते.

नऊ चौकटी झाल्या, पण एक जागा त्यांतल्या कोणत्याच चौकटीत मावेना. आयोगाने तक्त्याच्या डोक्यावर तिच्यासाठी एकटीची दहावी चौकट काढली आणि तिला नाव दिलं आरएच-मॅक्स. ती जागा म्हणजे सियाचेन. भारत सरकारच्या लेखी जोखीम आणि हाल यांची कमाल मर्यादा तिथे येते, त्याच्या वर काही नाही. आयोगाने तिथे अधिकाऱ्याला महिना ३१,५०० आणि जवानाला २१,००० रुपये सुचवले होते. सरकारने २०१७मध्ये ते वाढवून ४२,५०० आणि ३०,००० केले. आता जवानाचा त्या वेळचा आकडा पुन्हा पाहा : मूळ वेतन २१,७०० आणि सियाचेनचा भत्ता ३०,०००. सुरुवातीच्या वेतनावरच्या शिपायाच्या बाबतीत तो जिथे उभा आहे त्या जागेची किंमत त्याच्या नोकरीच्या किमतीहून जास्त आहे.

बरं, हे पैसे येतात कुठून? ‘सरकारकडून’ हे उत्तर सोपं आहे, पण अर्धवट. राष्ट्रपती तिन्ही सेनादलांचे सरसेनापती. तरी स्वतःच्या सहीने ते एका शिपायाचा एका महिन्याचा पगार काढू शकत नाहीत. संरक्षणमंत्री नाही, पंतप्रधान नाही. राज्यघटनेच्या ११४व्या कलमाप्रमाणे, भारताच्या संचित निधीतून कायद्याने केलेल्या तरतुदीशिवाय एक पैसाही काढता येत नाही. आणि हा कायदा संसद करते, फक्त एका वर्षापुरता. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या सेनांपैकी एक दरवर्षी ३१ मार्चला पैशाच्या दृष्टीने संपते आणि १ एप्रिलला नव्याने सुरू होते!

लोकसभेपुढे संरक्षण खात्याच्या चार मागण्या जातात : मुलकी खर्च, सेनादलांचा चालू खर्च, शस्त्रास्त्रांचा भांडवली खर्च आणि पेन्शन. २०२५-२६ साली या चारींची बेरीज ६,८१,२१० कोटी रुपये होती. इतक्या रकमेवर सभागृहात तासन्‌तास चर्चा झडत असेल, असं तुम्हाला वाटेल. कधी होतेही. पण पुष्कळदा वेळ संपत आलेला असतो, सभापती ठरल्या वेळी ‘गिलोटिन’ लावतात आणि उरलेल्या साऱ्या मागण्या एकदम मतांना टाकल्या जातात. होयवाल्यांचा आवाज मोठा आला की लाखो जवानांच्या वर्षभराच्या पगाराची सोय झाली. मला हे जरा जास्तच झटपट वाटतं. पण ते ‘होय’ म्हणावंच लागतं, हे महत्त्वाचं.

मंजूर झालेला पैसा मग खात्यांच्या क्रमांकांत उतरतो. आपली सगळी थलसेना, तिच्या पलटणी, तिचे बँड आणि खेचरं धरून, सरकारी जमाखर्चात चार आकड्यांची आहे : २०७६. नौदल २०७७, हवाई दल २०७८. आणि एक गंमत. केंद्र सरकारी पगार महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी मिळतो, फक्त मार्चचा पगार एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी. त्यामुळे संसदेने नव्या वर्षासाठी दिलेल्या पैशातून पहिला पगार निघतो तो संपलेल्या वर्षातल्या शेवटच्या महिन्याचा.

ही शिस्त नसेल तर काय होतं, हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको. १७६० सालचा ऑगस्ट. सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली आहे. फौज अफाट आहे, यात्रेकरू आणि बाजारबुणगे सोबत आहेत आणि तिजोरी रिकामी आहे. पुण्याहून पैसा येत नाही, उत्तरेतली वसुली होत नाही. भाऊ ती वसुली सांभाळणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांना पैशासाठी पत्रामागून पत्र धाडत आहेत. शेवटी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवलं जातं, वितळवलं जातं आणि त्याची नाणी पाडली जातात. निघाले नऊ लाखांच्या आसपास रुपये. फौजेच्या साधारण महिनाभराच्या खर्चापुरते! बादशहाचं छत एका महिन्यात संपलं. पुढच्या महिन्यांसाठी दुसरं छत नव्हतं. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ला झाली, पण पगाराची लढाई भाऊंनी त्याच्या कितीतरी आधी हरायला सुरुवात केली होती, असं मला नेहमी वाटत आलं आहे. थकलेल्या पगारासाठी सरदाराच्या दारात धरणं धरून बसलेले शिपाई हे त्या शतकातलं नेहमीचं दृश्य होतं.

आणि आता योगायोग पाहा. आजचं डिफेन्स अकाउंट्स डिपार्टमेंट, म्हणजे पुण्यातल्या त्या ऑडिटरबाईंचं खातं, आपली वंशावळ अठराव्या शतकाच्या मध्यात कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये नेमलेल्या एका पेमास्टरपर्यंत मागे नेतं. म्हणजे भाऊंच्याच पिढीतला माणूस. एकीकडे चांदीचं छत, दुसरीकडे वही घेऊन बसलेला पगार-कारकून. ईस्ट इंडिया कंपनीकडे तोफा चांगल्या होत्या, कवायत चांगली होती, हे आपण शाळेत शिकतो. तिचा पगार ठरल्या दिवशी होत असे आणि म्हणून शिपाई तिच्याकडे वळत, हे मात्र कुणी फारसं ठासून सांगत नाही.

तिजोरीची किल्ली बंदूकवाल्याकडे द्यायची नाही, हे शहाणपण इंग्लंडने त्याआधीच कमावलं होतं. १६८९च्या हक्कांच्या सनदेत लिहिलं गेलं की शांततेच्या काळात संसदेच्या संमतीविना राजाने फौज बाळगणं बेकायदा. अमेरिकेच्या राज्यघटनेने तर मुदतच घातली : लष्करासाठी एका वेळी दोन वर्षांहून जास्त काळाचा पैसा मंजूर करायचा नाही. नौदलाला ही अट नाही. का? जहाजं राजधानीवर चाल करून येत नाहीत!

पण या कुलपाची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत काँग्रेसने पैसा मंजूर केला नाही तर सरकारच बंद पडतं आणि सैनिकाला मात्र कामावर राहावंच लागतं. २०१८-१९च्या ३५ दिवसांच्या बंदमध्ये तिथल्या तटरक्षक दलाचा पगार चुकला. इतर दलांचा चुकला नाही, कारण तटरक्षक दल वेगळ्या खात्याखाली येतं आणि त्या खात्याचा पैसा अडकला होता. २०२५चा बंद १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस चालला. १५ ऑक्टोबरच्या पगारासाठी संशोधनाकडचा पैसा वळवावा लागला. एका धनिकाने सैनिकांच्या पगारासाठी १३ कोटी डॉलरची देणगी दिली. जगातली सर्वांत श्रीमंत फौज आणि तिच्या पगाराला वर्गणी! सुमारे तेरा लाख सैनिकांत वाटली तर माणशी शंभर डॉलर होतात.

आपल्याकडे हा प्रसंग का येत नाही? कारण ११६व्या कलमाने लेखानुदानाची सोय ठेवली आहे. निवडणुकीमुळे पूर्ण अर्थसंकल्प लांबला तर संसद काही महिन्यांपुरती रक्कम आगाऊ मंजूर करते. आणि लोकसभेने पैसाच नाकारला तर आपल्याकडे पगार थांबण्याआधी सरकार पडतं.

एवढं झाल्यावर सर्वांत मोठा धक्का. २०२५-२६मध्ये नवी विमानं, जहाजं, तोफा वगैरेंसाठी १,८०,००० कोटी होते. पेन्शनसाठी किती असतील? १,६०,७९५ कोटी. जवळपास बरोबरीला! सुमारे ३४ लाख पेन्शनधारक आहेत, कामावर असलेल्या सैनिकांच्या दुपटीहून जास्त. याचं कारण सैन्याला तरुण पाय लागतात. २०२२च्या आधीचा शिपाई अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला असतो, १५ वर्षांच्या नोकरीवर पेन्शनला पात्र होतो आणि चाळिशीच्या आसपास घरी येतो. पुढची तीस-चाळीस वर्षं त्याचं आणि मग त्याच्या पत्नीचं पेन्शन चालू राहतं. हा सगळा कारभार प्रयागराजहून चालतो. तो देशाच्या सीमेपाशीही थांबत नाही : गोरखा पलटणींतले निवृत्त जवान नेपाळच्या डोंगरांत राहतात, म्हणून काठमांडू, पोखरा आणि धरान इथे भारताची पेन्शन कार्यालयं आहेत.

२०२२ची अग्निवीर योजना या गणितातूनच समजते. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के कापून निधीत, तितकेच सरकारचे, आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये हातात. पेन्शन नाही. चौघांपैकी जास्तीत जास्त एक पुढे कायम होणार. सरकारने सैनिकाला दिलेलं जन्मभराचं वचन इथे चार वर्षांचं झालं. हिशेबाच्या वहीला ते निश्चित बरं वाटतं. उरलेल्या तिघांना ते कसं वाटतं, हे पहिली तुकडी चार वर्षं पुरी करून बाहेर पडली की गावोगाव कळेल.

मधल्या काळात नवी मोजणी सुरू झाली आहे. आठव्या वेतन आयोगाच्या अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई आहेत, याही मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या. ऑक्टोबर २०२५मध्ये आयोगाची कार्यकक्षा मंजूर झाली आणि अहवालासाठी त्याला अठरा महिने दिले आहेत. आधीच्या आयोगापुढे न आलेले प्रश्न या वेळी टेबलावर असतील. रणभूमीपासून लांब एका खोलीत बसून, पडद्यावर पाहत ड्रोन चालवणारा जवान त्या तक्त्यात कुठे बसवायचा? हालअपेष्टा जवळपास शून्य. पण त्याची खोलीच शत्रूच्या ड्रोनचं पहिलं लक्ष्य असेल, तर जोखीम कोणत्या पायरीवर लिहायची?